चांदणी पुसलेले शब्द

१

सकाळी दहाला पाच कमी असताना बेल वाजायची. सर दार उघडायचे. वाचाउपचार करणाऱ्या बाई चपला काढून आत यायच्या, "आज कशा आहेत?" असं विचारायच्या आणि उत्तराची वाट न पाहता ताईच्या खोलीत शिरायच्या. अकराला पाच कमी असताना परत जायच्या. मधला तासभर सरांनी आपल्या खोलीत बसावं, मध्ये मध्ये करू नये, अशी त्यांची सक्त ताकीद होती आणि सरांची त्याला काही हरकत नव्हती.

त्यांना सगळं जग सर म्हणे. सत्तावीस वर्षं त्यांनी कॉलेजात भाषाशास्त्र शिकवलं. मग विद्यार्थी मिळेनात म्हणून विभागाला टाळं लागलं, त्या खोलीत कोणीतरी मोडकी बाकं नेऊन रचली, निरोप समारंभाला चार माणसं आली आणि त्यातली दोन चुकून आली होती. एवढं सगळं गेलं, पण 'सर' तेवढं चिकटून राहिलं. दुकानदार सर म्हणे, खालच्या मजल्यावरचे सर म्हणत, बाईही सर म्हणत. नावाने हाक मारणारं कोणी उरलंच नव्हतं. ताई मात्र त्यांना टिंबू म्हणायची.

आई गेली तेव्हा सर चार वर्षांचे होते आणि ताई चौदाची. अक्षरं ताईनेच शिकवली. अनुस्वार शिकल्यावर त्यांना टिंबाचं असं वेड लागलं की दिसेल त्या अक्षराच्या डोक्यावर ते एकेक ठेवून देत. 'घर' लिहायला सांगितलं की 'घंरं' लिहीत. "अरे टिंबू, किती टिंबं देशील! जरा पुढच्या जन्माला ठेव," असं ताई म्हणाली आणि ते नाव पडलं. पुढे ती शाळेत शिक्षिका झाली, पस्तीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवत राहिली. चांगलं अक्षर काढणाऱ्या मुलाच्या वहीत लाल पेन्सिलीने चांदणी काढायची. लग्न तिने केलं नाही. का केलं नाही, हे सरांनी तिला कधी विचारलं नाही, कारण उत्तर त्यांना ठाऊक होतं आणि ते ऐकायचं नव्हतं.

अडीच महिन्यांपूर्वी भाजी चिरता चिरता ताईच्या हातातली सुरी गळून पडली. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. समजत थोडंफार होतं, पण तोंडातून शब्द निघेना.

"पहिले सहा महिने हातचे जाऊ द्यायचे नाहीत," बाई म्हणाल्या होत्या. "या काळात जे परत येईल ते येईल. नंतर दार बंद होत जातं. रोज सराव हवा, एकही खाडा नको."

त्यांनी भिंतीवर चित्रांची कार्डं चिकटवली होती. कप, खुर्ची, साबण, खिडकी, कंगवा. खाली ठळक अक्षरांत नाव. शेवटी त्यांनी सरांचा एक जुना फोटो मागून घेतला.

"याच्याखाली काय लिहू? काय म्हणतात त्या तुम्हाला?"

सर संकोचले. "टिंबू."

बाई तोंडावर हात ठेवून हसल्या, पण लिहिलं त्यांनी. ताईने त्या फोटोकडे बराच वेळ पाहिलं. तिचे ओठ वाकडेतिकडे झाले, कपाळावर शिरा उमटल्या आणि घशातून एक अक्षर बाहेर आलं. "टिं."

बाईंनी टाळ्या वाजवल्या. सर आपल्या खोलीत गेले, दार लावून पाच मिनिटं रडले आणि नाक शिंकरून कामाला बसले.

२

सरांचं काम काय होतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

काही वर्षांपूर्वी एका कंपनीने व्हिडिओ गेमसाठी त्यांच्याकडून तीन भाषा बनवून घेतल्या होत्या. खेळात तीन टोळ्या होत्या, त्यांना तीन बोल्या हव्या होत्या. सरांनी जीव ओतून काम केलं. खेळ काही बाजारात आला नाही, पण भाषा राहिल्या. सर त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणत. तिन्ही एकमेकींसारख्या होत्या, सख्ख्या बहिणी असतात तशा. फक्त त्यांना आई नव्हती. म्हणून विभाग बंद झाल्यावर सरांनी ती उभी करायला घेतली. तिचं नाव त्यांनी ठेवलं माय.

"वा सर! लग्न न करता तीन मुली, आणि आता मुलींसाठी आई शोधताय!" असं एक जुना सहकारी फोनवर म्हणाला होता. सरांनी त्याचा नंबर काढून टाकला.

पद्धत मात्र खरीखुरी होती. मृत भाषांसाठी विद्वान जी वापरतात तीच. तिन्ही मुलींमधला शब्द घ्यायचा, शेजारी शेजारी ठेवायचा आणि आईच्या तोंडी तो कसा असेल ते नियमाने काढायचं. पाण्याला थोरलीत 'तुशे', मधलीत 'तुखे', धाकटीत 'तुहे'. तेव्हा मायमध्ये 'तुक्षे'. एका कार्डावर एक शब्द, आणि शब्दाच्या आधी लाल पेन्सिलीने चांदणी. या कामात अख्ख्या जगात तिचा अर्थ एकच आहे: हा शब्द कोणी ऐकलेला नाही, कुठे लिहिलेला सापडलेला नाही, हा केवळ आमचा अंदाज आहे. सर या बाबतीत कर्मठ होते. चांदणीचा शब्द ते स्वतःशीसुद्धा उच्चारत नसत. विद्यार्थ्यांनाही दटावत, "तो शब्द नाही, शब्दाची जागा आहे. तिथे तोंड घालू नका."

अकराशे कार्डं झाली होती. लाकडी खणांत ती ओळीने उभी होती आणि सरांच्या आयुष्यात एवढी एकच गोष्ट नीट लावलेली होती.

त्या गुरुवारी ते कार्डं चाळत असताना भिंतीपलीकडून बाईंचा आवाज आला. "हे काय आहे? पा... पा... म्हणा, पाणी."

आणि ताईचा आवाज आला, अडीच महिन्यांत प्रथमच न अडखळता. "तुक्षे."

"नाही, पाणी. पा..."

"तुक्षे," ताई म्हणाली. तहान लागलेल्या माणसाने म्हणावं तसं.

अकराला पाच कमी असताना बाई बाहेर आल्या. "घाबरू नका. असं होतं कधी कधी. आवाज येतात, पण अर्थ नसतो त्यांना. नुसती बडबड. आपण खरे शब्द लावून धरायचे."

सरांनी मान डोलावली. दार लागल्यावर ते खोलीत आले आणि पाण्याचं कार्ड काढलं. 'तुक्षे' होतं तिथेच होतं, अक्षर त्यांचंच होतं. पण आधी चांदणी नव्हती. खोडलेली नव्हती, पुसट झालेली नव्हती. कार्ड तिरकं धरून उजेडात पाहिलं तर पेन्सिलीचा साधा दाबही उमटलेला दिसेना.

३

सर वेडे नव्हते. त्यांनी कागद घेऊन कारणं मांडली. एक, चांदणी काढायची राहून गेली असेल. अकराशे कार्डांत एखादी राहणारच. दोन, ताईने 'तुक्षे' म्हटलंच नसेल, आपल्या कानाने ओळखीचं ते ऐकलं. तीन, आपण कधीतरी नकळत पुटपुटलो असू आणि मधली भिंत पातळ आहे.

तिसरं कारण त्यांना पटलं. पटवून घेतलं म्हणा.

सोमवारी ते पटेनासं झालं. त्या दिवशी बाईंना उशीर झाला होता. सर ताईजवळ बसून तिच्या केसांची गाठ सोडवत होते. हे काम त्यांना मुळीच जमत नसे. अडीच महिने ताईच्या डोक्यावर पक्ष्याने टाकून दिलेलं घरटं असे. बेल वाजली. ताईने डाव्या हाताने दाराकडे बोट केलं आणि म्हणाली, "इरंबो."

सरांच्या कार्डावर दाराचा शब्द 'इरबो' होता. म्हणजे ताई चुकली, असं त्यांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर हायसं वाटलं. बाई आत गेल्यावर त्यांनी कार्ड काढलं. थोरलीत 'इरमो', मधलीत 'इरबो', धाकटीत 'इम्मो'. आईत नुसता 'ब' असेल, तर थोरलीत 'म' आला कुठून? त्यांच्याच नियमाप्रमाणे तिथे अनुस्वार हवा होता. ताई चुकली नव्हती, तेच चुकले होते. टिंब द्यायचं राहिलं होतं.

म्हणजे भिंत कितीही पातळ असली तरी त्याचा काही उपयोग नव्हता. जो शब्द त्यांच्याही डोक्यात चुकीचा होता तो ताईने बरोबर कुठून ऐकला?

त्यांनी 'र'च्या डोक्यावर टिंब दिलं. पेन खाली ठेवलं, पाणी प्यायले, परत येऊन पाहिलं. टिंब होतं. चांदणी गेली होती.

इथे भीती वाटायला हवी होती. सरांना वाटला तो आनंद. सत्तावीस वर्षांत त्यांचं एकही म्हणणं कोणी खरं मानलं नव्हतं.

४

त्या दिवसापासून सर दुपारचे ताईजवळ बसू लागले. मांडीवर वही, कानामागे पेन्सिल. ते वस्तू समोर धरायचे आणि ताई शब्द द्यायची. दिवा, चादर, नख, धूळ. जी कार्डं तयार होती ती जुळत होती, जी नव्हती ती नंतर बसून काढली तर तिच्याच शब्दाशी येऊन थांबत होती.

अडचण एकच होती. ज्या दिवशी सकाळी बाईंचा तास चांगला जाई त्या दिवशी दुपारी ताईच्या तोंडून मायचा एकही शब्द येत नसे. एकदा तिने 'खिडकी' पूर्ण म्हटलं. बाई जवळजवळ नाचल्या. दुपारी सरांनी तीच खिडकी दाखवली, तर ताई अभिमानाने म्हणाली, "खिडकी." सरांनी वही मिटली. मुलींमध्ये खिडकीला शब्दच नव्हता, तेव्हा मायमध्ये तिला काय म्हणतात ते त्यांना आता कधीच कळणार नव्हतं, आणि या गोष्टीचा त्यांना आपल्या सख्ख्या बहिणीवर राग आला.

शुक्रवारी त्यांनी बाईंना दारातच थांबवलं.

"थोडे दिवस विश्रांती देऊ या म्हणतो. ताई थकते फार."

"थकते? अहो, त्या सुधारतायत सर. काल त्या फोटोवर हात ठेवून दोनदा 'टिं' म्हणाल्या. आठवड्याभरात पूर्ण नाव घेतील तुमचं, लिहून देते मी."

"तरी पण."

बाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. कानामागची पेन्सिल पाहिली, खोलीत उघडी पडलेली वही पाहिली. "तुम्ही ती बडबड लिहून घेताय?"

सरांनी कानामागची पेन्सिल काढून खिशात ठेवली.

"त्या तुमच्या बहीण आहेत की प्रयोगाचा उंदीर?" बाईंचा आवाज चढला. "मी सांगितलंय तुम्हाला, दार बंद होत जातं. नंतर मला फोन करून रडू नका."

"ताईचं काय करायचं ते मी बघेन," सर म्हणाले. बाई चपला घालून मागे न बघता जिना उतरल्या.

आतून आवाज येत होता. ताई फोटोसमोर बसली असणार. "टिं... टिं..." अडकलेल्या गाडीला धक्का द्यावा तशी ती त्या एका अक्षराला पुढे ढकलत होती. पुढचं अक्षर ओठांवर आलेलं होतं. सरांनी ते स्वच्छ ऐकलं. वहीतलं पान पूर्ण करून जाऊ, असं त्यांनी मनाशी म्हटलं. पान पूर्ण झालं तेव्हा आवाज थांबला होता.

त्यानंतर ते अक्षर ताईच्या तोंडून कोणी ऐकलं नाही.

५

तीन आठवड्यांत चारशे कार्डांवरच्या चांदण्या गेल्या. सर रोज सकाळी खण उघडून मोजत. हिशेब चोख होता: ताईने उच्चारलेला शब्द आणि चांदणी गेलेलं कार्ड, एकाला एक. गेलेल्या चांदण्या कुठे जातात हा प्रश्न त्यांना पडला नाही. हुशार माणसांना असे साधे प्रश्न पडत नाहीत.

उत्तर ताईच्या खोलीच्या भिंतीवर होतं. एके दिवशी चादर बदलताना सरांची नजर बाईंच्या कार्डांवर गेली. कपाच्या चित्राखाली लिहिलं होतं 'कप', आणि त्याच्याआधी एक लाल चांदणी होती. रेघा पाच, खालची डावी जरा लांब. सरांची चांदणी अशीच असते, ताईची तशी होती म्हणून.

"मीच काढली असेन," ते मोठ्याने म्हणाले. "सवयीने. विसरलो असेन."

खुर्चीच्या आधीही होती. साबणाच्या आधीही.

संध्याकाळी ते कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. "एक साबण द्या."

"काय देऊ?"

"साबण."

दुकानदाराने गल्ल्यावरून पुढे वाकून कान दिला. "सर, परत सांगा. काय ते?"

"साबण, साबण!" सर ओरडले. मागे उभं असलेलं गिऱ्हाईक दचकून बाजूला झालं. शेवटी त्यांनी बोटाने दाखवला, तेव्हा दुकानदाराने तो काढून दिला आणि मायेने म्हणाला, "तब्येत सांभाळा सर. ताईंचं एवढं झालंय, आता तुम्ही आजारी पडू नका."

घरी आल्यावर सर आरशासमोर उभे राहिले. डॉक्टरांनी ताईच्या वेळी सांगितलेलं त्यांनी करून पाहिलं. दोन्ही हात वर केले, एकही खाली आला नाही. हसून पाहिलं, चेहरा सरळ होता. मग ते आरशातल्या माणसाला म्हणाले, "साबण." आवाज निघाला, ओठ हलले. पण तो शब्द त्यांच्याच कानाला नवखा लागला. कोणीतरी अंदाजाने बनवलेला, अजून कोणी न वापरलेला.

बाईंना फोन करावा असं त्यांना त्या रात्री वाटलं. मग त्यांनी विचार केला, अजून सातशे कार्डं उरली आहेत.

६

आता ताई शब्द नव्हे, वाक्यं बोलू लागली होती. सर शेजारच्या खोलीत बसून टिपून घेत. भर दुपारची वेळ, खालच्या रस्त्यावर पाणी मारल्याचा आवाज, आणि भिंतीपलीकडे ताईचा शांत, सरळ आवाज. ती बोले, थांबे, परत बोले.

दोन दिवस सरांनी फक्त बोलणं टिपलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की थांबणं सारखं नव्हतं. कधी दोन श्वासांएवढं, कधी बरंच लांब. आणि लांब थांबण्यानंतर ताई "हं" म्हणायची. एकदा ती हसली. मूठभर दाणे सांडावेत तसं खुदकन, पोरीसारखं. झटका आल्यापासून ती हसली नव्हती. खरं म्हणजे त्याच्या आधीही कित्येक वर्षं हसली नव्हती, पण हे सरांना त्या क्षणीच समजलं.

त्यांनी वहीतली वाक्यं पुन्हा पाहिली. तिन्ही मुलींमध्ये त्यांनी एक गंमत केली होती आणि ती मायमध्येही उतरली होती. समोर कोण आहे त्याप्रमाणे क्रियापदाचा शेवट बदलायचा. बरोबरीच्या माणसाला एक, लहानाला एक. आणि एक शेवट असा, जो फक्त आईशी बोलताना लावायचा. कार्डं करताना त्यांना वाटलं होतं, हा कधी वापरला जाणार नाही. खेळातल्या टोळ्यांना आया नव्हत्या.

वहीतल्या प्रत्येक वाक्याला तोच शेवट होता.

पलीकडे ताई काहीतरी विचारत होती. मग थांबली. सरांनी श्वास रोखून भिंतीला कान लावला. भिंत पातळ होती, तरी काही ऐकू आलं नाही. फक्त काहीतरी सावकाश, परत परत ओढल्याचा आवाज येत होता, वरून खाली, वरून खाली. झाडलोट करावी तसा, पण मऊ.

सर उठले. त्या सात-आठ पावलांना त्यांना फार वेळ लागला. दार ढकललं.

खोलीत ताई एकटीच होती, खिडकीकडे तोंड करून पलंगाच्या कडेवर बसलेली. खुर्ची तिच्या पाठीशी अगदी लगटून ओढलेली होती, रिकामी. आणि ताईच्या डोक्यावरचं घरटं गेलं होतं. मधोमध सरळ भांग होता. दोन वेण्या घातल्या होत्या, शाळेच्या पोरीच्या असतात तशा, घट्ट, एकही केस बाहेर नाही. डाव्या वेणीचं टोक अजून बांधायचं राहिलं होतं आणि सर बघत असताना त्याचे शेवटचे तीन पदर हळूहळू सुटले.

एका हाताने वेणी घालता येत नाही. कंगवा खुर्चीवर होता.

७

सरांनी बाईंना फोन लावला. पहिल्या घंटेलाच त्यांनी उचलला.

"बाई, या. कृपा करून या. माझं चुकलं."

"हॅलो? कोण बोलतंय?"

"मी. मी बोलतोय, ताईचा भाऊ."

"आवाज येतोय हो, पण कळत नाहीये काही. कोण पाहिजे तुम्हाला?"

सरांनी पत्ता सांगितला, ताईचं नाव सांगितलं, सगळं सांगितलं. पलीकडे बाई कोणाला तरी म्हणाल्या, "कोणीतरी भलतंच बोलतंय गं, मला तर भाषाच कळेना," आणि फोन ठेवला.

लाइन खराब असेल, असं सर स्वतःला म्हणाले. आता त्यांनाही ते पटलं नाही.

ताईच्या खोलीत जाऊन त्यांनी खुर्ची भिंतीला लावली आणि स्वतः जमिनीवर, तिच्या पायाशी बसले. लहानपणी पाटी घेऊन बसत तसे. त्यांना खरंच रडू येत होतं. सत्तावीस वर्षांची विद्या, अकराशे कार्डं, सगळं जाळून टाकायची त्यांची तयारी होती. ताईने एकदा, फक्त एकदा हाक मारावी.

"ताई, मी आहे. बघ ना माझ्याकडे. मी टिंबू."

ताईने पाहिलं. नजर स्वच्छ होती, आजारी माणसाची नव्हती. शाळेत तपासणीला आलेल्या साहेबाकडे बघावं तसं तिने त्यांच्याकडे अदबीने आणि जरा सावधपणे पाहिलं.

तेव्हा सरांना मायमध्ये हाक मारायची सुचली. ती भाषा तरी ताई ओळखेल. आयुष्यभराचा नियम मोडून ते बोलायला गेले, आणि तोंड उघडंच राहिलं. 'भाऊ' नव्हता. थोरलीत नव्हता, मधलीत नव्हता, धाकटीत नव्हता. टोळ्या तिन्ही बायकांच्या होत्या, कंपनीने तो शब्द मागितला नव्हता आणि त्यांनाही तो सुचला नव्हता. जे मुलींमध्ये नाही ते आईत उभं करता येत नाही. पद्धत खरीखुरी होती.

ताईने मान वळवली. भिंतीशी लावलेल्या खुर्चीकडे पाहून तिने एक छोटंसं वाक्य विचारलं. सरांना ते पूर्ण समजलं. त्यांनीच तर केलं होतं. मायमध्ये 'हा' दोन प्रकारचा असतो, घरच्यासाठी एक आणि परक्यासाठी एक. ताईने दुसरा वापरला.

हा कोण आलाय, आई?

मग ती थांबली. बराच वेळ. खुर्चीची वेताची बैठक किंचित करकरली. ताईने ऐकून घेतलं, "हं" म्हटलं आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली.

८

भिंतीवरच्या फोटोखालची जागा रिकामी होती. कागद फाटलेला नव्हता, अक्षरं खोडलेली नव्हती. फोटोतला माणूस तेवढा राहिला होता, चष्मा लावून कुणाच्यातरी लग्नात उभा.

सर आपल्या खोलीत आले. सगळ्यात खालचा खण थोडा उघडा होता. तिथे ते कोरी कार्डं ठेवत. वरचं कार्ड कोरं नव्हतं.

अक्षर त्यांचं होतं. शाई त्यांची होती. पहिल्या अक्षराच्या डोक्यावर टिंब अगदी जागच्या जागी होतं. शब्दापुढे अर्थ लिहायची जागा रिकामी होती. खाली थोरली, मधली, धाकटी, असे तीन रकाने होते आणि तिन्हींत आडवी रेघ मारलेली होती. शब्दाच्या आधी लाल चांदणी होती, पाच रेघांची, खालची डावी जरा लांब.

त्यांनी खोडरबर घेतला. चांदणीवर घासला. घासत राहिले. कागद झिजून पातळ झाला, मग तिथे भोक पडलं, आणि त्या भोकातून खालचं कार्ड दिसलं. त्याच्यावरही त्याच जागी चांदणी होती.

पलीकडे ताई खुदकन हसली. पुन्हा तो वरून खाली ओढल्याचा मऊ आवाज सुरू झाला.

सर खुर्चीवर बसून कार्डावरचा शब्द वाचायला लागले. अक्षरं जोडून जोडून, पहिलीतल्या मुलासारखे. टिं. बू. काहीतरी वाटत होतं, पण अर्थ लागत नव्हता. त्यांनी तो मोठ्याने म्हणून पाहिला, एकदा, दोनदा, आणि मग आपोआप सवयीने थांबले. चांदणीचा अर्थ त्यांच्याइतका कोणाला ठाऊक होता? हा शब्द कोणी, कधीही, कोणाला हाक मारताना उच्चारलेला नाही.